बिल आमचं, हिशेबही आमचा

(इगतपुरी येथे महिलांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलीचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला सांगितलं होतं, 'ताई, अनुभव सांगा, कायदा फार नको.' पण माझ्या अनुभवातच कायदा घुसलाय, त्याला मी काय करू? आणि विषयही असा की, ऐकल्यावर काहीजणी म्हणतील, हा काय स्त्रियांचा प्रश्न झाला? सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, हे दुःख तर बाप्यांनाही आहे. मीही आधी तसंच समजत होते. चार वर्षं त्यात घालवल्यावर माझं मत बदललं. का बदललं, तेच सांगायला उभी राहिले आहे.

मी निवृत्त शिक्षिका. इगतपुरीत आमचा फ्लॅट आहे. इमारतीत वीस घरं. त्यातल्या अकरा घरांचे मालक मुंबई-ठाण्याचे. पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवारी येतात, धुकं बघतात, भजी खातात, सोमवारी पहाटे कसारा घाट उतरून जातात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, माणसं चांगली आहेत. उरलेल्या नऊ घरांत आम्ही बारा महिने राहणारे. त्या नवांपैकी सहा घरांचा कारभार बायकांच्या हाती. कोणी रेल्वेतल्या नोकरदाराची विधवा, कोणी अंगणवाडीत जाणारी, एकीचा नवरा नोकरीला बाहेरगावी. म्हणजे इमारतीत चोवीस तास राहतात त्या बाया, आणि कमिटी बसते मुंबईत. हे चित्र डोळ्यासमोर ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

2019 साली आमचं महिन्याचं बिल होतं 1,100 रुपये. एप्रिल 2022 मध्ये ते आलं 2,600 रुपये. एका कागदावर एकच आकडा, 'मेंटेनन्स'. कशाचा किती, काही नाही. मी सेक्रेटरींना फोन केला. ते अतिशय गोड बोलले. म्हणाले, "मॅडम, हे टेक्निकल असतं. मिस्टरांना बोलू द्या ना माझ्याशी."

मी म्हटलं, "मिस्टर 2017 सालीच गेले. बिल माझ्या नावानं येतं, तेव्हा बोलणंही माझ्याशीच करावं लागेल."

ते गप्प झाले. पण हिशेब काही आला नाही. सभा झाली का, असं विचारलं, तर झाली म्हणे. कुठे? दादरला, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, रविवारी संध्याकाळी. आता सांगा, रविवारी संध्याकाळी सातला दादरला सभा असेल, तर इगतपुरीची बाई परत कधी येणार? रात्रीची गाडी, घरी म्हातारी सासू. आमच्यापैकी एकीही गेली नव्हती. आणि सभेच्या वहीत लिहिलं होतं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

मैत्रिणींनो, त्या 'सर्वानुमते' या शब्दाने माझी झोप उडवली. पैशानं नाही. आपण तिथे नसताना आपलं मत मोजलं गेलं होतं.

आता पहिली चूक सांगते. ती आमच्या शेजारच्या मावशींची, पण खरी आमची सगळ्यांचीच. मावशी संतापल्या आणि म्हणाल्या, "हिशेब देत नाहीत ना, मग मी दमडी देत नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. चौदा महिने त्यांनी एक पैसा भरला नाही. मग नोटीस आली. मुद्दल 36,400 रुपये, त्यावर महिना दोन टक्के चक्रवाढ व्याज आणि दरमहा पाचशे रुपये दंड. व्याज-दंड मिळूनच बारा हजारांच्या वर. 'न भरल्यास पाणी बंद करण्यात येईल, वसुलीचा दाखला घेण्यात येईल.' मावशी नोटीस घेऊन माझ्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात पदराखाली एक डबी होती. पाटल्या होत्या त्यात. म्हणाल्या, "या मोडून येते नाशकाला. घर गेलं तर कुठे जाऊ?"

पाटल्या मोडू दिल्या नाहीत, एवढं आधीच सांगते. पण त्या दिवशी मी शिकले ते असं की पैसे अडवून धरणं हे आपलं हत्यार नाही, ते त्यांच्या हाती दिलेलं हत्यार आहे. सहकार कायद्यात सोसायटीला थकबाकी वसूल करायला निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवता येतो. पूर्वी हे कलम 101 होतं. 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण घातलं गेलं, तेव्हापासून ते त्या प्रकरणात गेलं. दाखला निघाला की जप्तीपर्यंत जाता येतं. त्यावर दाद मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. शिवाय थकबाकीदार ठरलात की कमिटीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. म्हणजे जिला प्रश्न विचारायचेत तिचंच तोंड बंद.

म्हणून करायचं काय? भरायचं, पण लिहून भरायचं. 'ही रक्कम हरकत नोंदवून भरत आहे, हिशेब मिळेपर्यंत माझा हक्क राखून ठेवत आहे.' एवढ्या दोन ओळी. चेकने किंवा बँकेतून भरायचं, रोख नको. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच देत नसतील तर पोस्टाने पाठवून पोच मिळवायची. मावशींचं पत्र आम्ही तसंच केलं. मुद्दल भरलं, चौघींनी थोडे थोडे पैसे काढले, मावशींनी ते नंतर फेडले. व्याज आणि दंडाला हरकत घेतली. कारण आदर्श उपविधीत थकबाकीवर व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला 21 टक्के आहे, आणि तेही सरळव्याज. चक्रवाढ नाही. त्या हिशेबाने मावशींचं व्याज निघालं चार हजार शंभरच्या आसपास. वरचे आठ हजार हवेतले. आणि पाणी तोडणं हा तर वसुलीचा मार्गच नव्हे. वसुलीचा मार्ग दाखल्याचा, तहानेचा नव्हे.

दुसरी गोष्ट, दप्तर पाहण्याची. सभासदाला सोसायटीचे हिशेब, इतिवृत्त, लेखापरीक्षण अहवाल पाहण्याचा हक्क कायद्याने आहे. ठरलेली फी भरून प्रती घेता येतात. कारण सांगावं लागत नाही. आम्ही लेखी मागितलं. उत्तर आलं, 'दप्तर मुंबईत आहे.' आम्ही परत लिहिलं, संस्थेचं नोंदणीकृत कार्यालय इगतपुरीत, तर दप्तर मुंबईत कसं? तिसऱ्या पत्राची प्रत निबंधक कार्यालयाला पाठवली. मग एका शनिवारी दप्तर आलं. दोन पिशव्या.

आम्ही पाचजणी जिन्याखालच्या खोलीत बसलो. घरून चटई नेली, चहाचा थर्मास नेला. त्या अंगणवाडीताईंना रजिस्टरं भरायची सवय, त्यांनी रकाने आखले. महिन्याचा खर्च 52,000 रुपये, वीस घरांत सारखा वाटला की 2,600. आकडा बरोबर होता. आता बघा त्यात काय काय होतं:

रखवालदार, दोन पाळ्या, एजन्सीमार्फत: 22,000
पाण्याचे टँकर, सरासरी: 5,000
जिन्याचे दिवे आणि पंप: 4,500
झाडलोट: 4,000
बाग आणि रोषणाई: 6,500
दुरुस्ती निधी: 7,500
सिंकिंग फंड: 2,500

मी प्रामाणिकपणे सांगते, आम्ही चोरी शोधायला बसलो होतो. चोरी सापडली नाही. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड पाहून आम्ही ओरडलो, "हे दहा हजार कशाला?" पण उपविधी काढून वाचले. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड घ्यायचा असतो. आमच्या इमारतीचा बांधकाम खर्च एक कोटी वीस लाख. वर्षाचे नव्वद हजार आणि तीस हजार. अगदी बरोबर निघालं. उलट आधीची कमिटी तो घेतच नव्हती, म्हणून 1,100 रुपये स्वस्त वाटत होते. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, गच्ची गळते, भिंतीला ओल धरते. तो पैसा उद्या आपल्याच डोक्यावरच्या छपराला लागणार. जे बरोबर आहे ते बरोबर म्हणायचं. त्यानेच आपल्या पुढच्या प्रश्नाला वजन येतं.

पुढचा प्रश्न होता, हे ठरवलं कोणी आणि कोणाच्या सोयीनं? दिवसपाळीचा रखवालदार कशाला? दिवसा तर आम्ही घरात असतो, कोण आलं कोण गेलं आमच्या नजरेखालून जातं. तो होता बंद घरांसाठी. बागेतली रोषणाई शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. म्हणजे आम्ही बाया फुकट पहारा करत होतो, आणि वर रखवालदाराचे पैसेही भरत होतो! आपलं घरातलं काम मोजलं जात नाही, हे आपण भाषणांत किती वर्षं सांगतो. इथे ते बिलावर छापून आलं होतं.

टँकरचं वेगळंच दुःख. दारणा, भावली, मुकणे, वैतरणा. धरणं आपल्या तालुक्यात आणि मे महिन्यात टँकर आपल्या दारात. ही लढाई सोसायटीच्या पलीकडची आहे, ती नगरपरिषदेच्या दारात न्यावी लागेल. मृणालताई गोऱ्यांना गोरेगावात 'पाणीवाली बाई' म्हणत. 1972 साली महागाईविरुद्ध त्या आणि अहिल्याताई रांगणेकर लाटणी घेतलेल्या बायकांना रस्त्यावर घेऊन आल्या. तेव्हा तेल, साखर, रॉकेल हे 'बायकांचे प्रश्न' मानले गेले, कारण स्वयंपाकघर बायकांचं. मग ज्या घरात ते स्वयंपाकघर आहे, त्या घराचा हिशेब बायकांचा नाही का?

तिसरी पायरी सभेची. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. वीस घरांत चार सह्या पुरतात, आम्ही सात मिळवल्या. जागेचा आग्रह धरला, सभा इमारतीतच, सकाळी अकराला. आणि इथे आमचा दुसरा डोळा उघडला. सह्या घेत फिरताना कळलं की आमच्या सहा जणींपैकी दोघीच सभासद होत्या! बाकी चौघी बिल भरत होत्या, टाकी धुवून घेत होत्या, पंप बिघडला की प्लंबर आणत होत्या; पण भाग दाखल्यावर नाव नवऱ्याचं, नाहीतर वारलेल्या सासऱ्यांचं. त्यांना मत नव्हतं. एकीला नवरा म्हणाला, "मी कशाला सही करू? सेक्रेटरीशी उगाच वाकडेपणा." तिने दोन दिवस अबोला धरला, तेव्हा त्याने सही केली. हसू नका! पण अबोला धरून मिळवायची गोष्ट आहे का ही?

आपल्या याच जिल्ह्यात, चांदवडला, 1986 साली शेतकरी बायांचं प्रचंड अधिवेशन झालं. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची चळवळ उभी राहिली, बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची. 1994 साली महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण आलं. जमीन आणि घर बाईच्या नावावर हवं, हे आपण तेव्हापासून म्हणतोय. सरकारनेही 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. काही जण तेवढ्या सवलतीसाठी बायकोचं नाव घालतात. घालू देत! पण दस्तावर नाव आल्यावर थांबू नका. सोसायटीच्या सभासद नोंदवहीत आणि भाग दाखल्यावर ते आलंय का, हे जाऊन बघा. नवरा वारल्यावर नॉमिनी म्हणून नाव आहे, एवढ्यावर विसंबू नका. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे; वारसाहक्काची कागदपत्रं वेळेत करा. ज्यांची नावं नाहीत त्यांच्यासाठी आम्ही आमच्या इमारतीत पुढची सहा महिने तेच काम केलं. चारपैकी तिघींची नावं लागली. चौथीचा दिरांशी वाद आहे, तो चालू आहे.

सभा झाली. धाकधूक होती, कोरम भरेल की नाही. पंधरा सभासद आले. मुंबईहूनही काही आले, कारण आम्ही प्रत्येकाला रकान्यांचा तो कागद आधी पाठवला होता. हिशेब समोर असला की माणूस भांडणाऐवजी बेरीज करतो. अंगणवाडीताईंनी कागद वाचून दाखवला. हात थरथरत होता, आवाज नाही. मुंबईच्या एका गृहस्थांनी उठून सांगितलं, "मलाही रोषणाई नको, माझंही पेन्शन आहे." नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं: रखवालदार फक्त रात्रीचा, बागेचा खर्च 2,500 रुपयांवर, बिल दरमहा रकानेवार, सभा यापुढे इगतपुरीतच, मावशींचं जादा व्याज आणि दंड रद्द. महिन्याचा खर्च आला 37,000 रुपये. माणशी, म्हणजे घरटी, 1,850.

2,600 चे 1,850. काहीजणी म्हणाल्या, एवढ्यासाठी एवढं? मी म्हटलं, महिन्याचे 750 म्हणजे वर्षाचे 9,000. आपल्यातल्या कितीजणींची ती महिन्याभराची कमाई आहे ते आठवा. आणि त्याहून मोठं असं की पुढच्या निवडणुकीत दोघी कमिटीवर गेल्या. कायद्याने कमिटीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. आमच्याकडे त्या इतकी वर्षं रिकाम्याच होत्या. 'बायका पुढे येत नाहीत हो,' म्हणत. सभा दादरला ठेवली तर येतील कशा?

आणखी दोन-तीन गोष्टी पटकन सांगते, कारण प्रत्येकीचा प्रश्न वेगळा असतो.

घर भाड्याने दिलं असेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. शासनाने 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने त्याला मर्यादा घातली आहे: सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्यात नगरपरिषदेचा कर धरायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली ही मर्यादा उचलून धरली. आणि घरात तुमची मुलगी, मग ती लग्न झालेली असो, किंवा बहीण, सून, आईवडील राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही. माहेरी परत आलेल्या लेकीला 'भाडेकरू' ठरवून पैसे मागणाऱ्या सोसायट्या आहेत. त्यांना हा आदेश दाखवा.

तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, तर वाटणी वेगळी. तिथे 1970 चा कायदा लागतो आणि खर्च ज्याच्या-त्याच्या हिश्शाच्या टक्क्याने वाटला जातो. मोठ्या घराला जास्त. सोसायटीत मात्र झाडलोट, रखवालदार, दिवे यांसारखे सेवा खर्च घरटी सारखे. म्हणून भांडायच्या आधी आपली इमारत काय आहे, ते नोंदणीच्या कागदावर बघा.

आणि ज्यांची सोसायटीच झालेली नाही, पैसे बिल्डरच गोळा करतो, त्यांची अवस्था सगळ्यात बिकट. इंग्लंडात लीजहोल्ड नावाची पद्धत आहे. फ्लॅट तुम्ही विकत घेता, पण जमीन आणि इमारत दुसऱ्याची, आणि तो मागेल ते सेवा शुल्क द्यायचं. तिथेही 1985 च्या कायद्याने 'शुल्क वाजवी असलं पाहिजे' म्हणून रहिवाशांना दाद मागता येते. आपल्याकडे तशी पद्धत बहुतेक ठिकाणी नाही, पण बिल्डर जमीन सोसायटीच्या नावावर करून देत नाही तोवर आपणही तसेच, अर्धे मालक. महामार्गाच्या आणि समृद्धीच्या आसपास उभ्या राहिलेल्या बंगल्यांच्या स्कीममध्ये तर दोन-दोन वर्षांचे पैसे आधीच घेतात. लक्षात ठेवा, 1963 च्या मोफा कायद्याने बिल्डरने घेतलेल्या अशा पैशाचा स्वतंत्र हिशेब ठेवायचा असतो. 2016 च्या रेरा कायद्याने संस्था ताब्यात घेईपर्यंत सेवा पुरवायची जबाबदारी त्याची, आणि शुल्क वाजवी. बहुसंख्य घरांची नोंदणी झाली की तीन महिन्यांत संस्था व्हायला हवी. आणि तो जमीन देत नसेल तर 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची वाट खुली केली आहे. आमच्या इमारतीचा तो अर्ज आता आमच्या दोघी कमिटी सदस्यांनीच हातात घेतलाय. ते झालं नाही तर भिंती आमच्या आणि जमीन बिल्डरची, असंच राहील.

शेवटी एवढंच. मावशींच्या पाटल्या अजून त्यांच्या हातात आहेत. परवा त्यांनी मला विचारलं, "ताई, या महिन्यात टँकर चार लिहिलेत, आले तीनच. मी मोजले." त्या चौथी शिकलेल्या. मी म्हटलं, "मावशी, कमिटीला लिहून द्या." त्या म्हणाल्या, "दिलंय. पोच पण घेतली."

मैत्रिणींनो, घरी गेल्यावर आज एकच काम करा. या महिन्याचं बिल काढा आणि बघा, त्यावर नुसता आकडा आहे की रकाने आहेत. आकडाच असेल तर दोन ओळींचं पत्र लिहा. आणि त्याखाली सही स्वतःची करा.